शेपटाची मागची सीट

माणसाला शेपूट नसतं म्हणतात. पण ज्याची ही गोष्ट आहे त्याला चारचौघांत सगळे शेपूटच म्हणायचे, आणि तो ओ द्यायचा. नुसती ओ नाही, वर खूश व्हायचा, जसं काही कोणी साहेब म्हणून हाक मारली.

धंदा त्याचा सीटा शिवण्याचा. मोटारीची सीट, मोटरसायकलची सीट, समोरच्या सलूनवाल्याची फिरती खुर्ची, काहीही आणा. फाटकं रेक्झिन सोलून काढायचं, आतला स्पंज दाबून बघायचा, कुजला असेल तर नवा घालायचा, वरून कव्हर ताणायचं आणि खालून पिना मारायच्या. तो शिवायचा आणि बायको स्पंज कापायची. तिचा हात असा की सुरी एकदा लावली की दुसऱ्यांदा लावायला नको. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. स्पंजाची भुकटी पडद्याला कुठली जुमानते? ती चहात तरंगायची, उशीवर बसायची, केसांत राहायची. बायको म्हणायची, "आपण दोघं मेलो ना, की लोक आपल्याला पिळून दोरीवर वाळत घालतील बघा."

अशा माणसाला समुद्राचा नाद लागायचं काही कारण नव्हतं. पण दातांच्या डॉक्टरांची ती आडवी होणारी खुर्ची शिवायला तो गेला, आणि डॉक्टरांनी त्याच्यापुढे आणखी एक सीट टाकली, जेट-स्कीची. म्हणजे पाण्यावर पळणारी मोटरसायकल, चाकं नसलेली. वरून ऊन, खालून खारं पाणी, त्यात कुठलं रेक्झिन टिकतंय? याने ती अशी शिवली की डॉक्टरांच्या क्लबातल्या सगळ्यांच्या सीटा एकेक करून याच्या दुकानात आल्या. पुढे त्यांतल्या एकाने नवं यंत्र घेतलं आणि जुनं याला देऊन टाकलं. गड्याने ते घासूनपुसून उभं केलं, आणि सीटवाला क्लबाचा माणूस झाला.

हा क्लब वर्षातून एकदा, शनिवार-रविवार धरून, बेटांवर जायचा. समुद्रात आत गेलं की तिथे बारा महिने ऊन असलेली बेटं आहेत. नारळाची झाडं, पिठासारखी वाळू, आणि पाणी असं हिरवं की बाटलीत भरून घरी न्यावं. रात्री तिथल्या झोपड्यांत मुक्काम करायचा आणि रविवारी परत यायचं. जाताना पुढे डॉक्टर, कारण वाट त्यांना ठाऊक. त्यांच्यामागे सगळे. आणि सगळ्यांच्या मागे एकजण, ज्याने कोणालाही ओलांडून पुढे जायचं नाही. कोणाचं यंत्र बंद पडलं, कोणी पाण्यात पडलं, तर याने त्याला ओढून आपल्या मागे बसवायचं. या शेवटच्याला म्हणायचे शेपूट. आणि क्लबाचा पक्का नियम होता, की शेपटाची मागची सीट रिकामी हवी. एका वर्षी पाववाल्याचं यंत्र शेवाळ अडकून बंद पडलं, कोणाच्याही मागे जागा नव्हती, आणि बिचारा पाववाला पाण्यात पावासारखाच भिजत बसला. तेव्हापासून हा नियम.

शेपूट व्हायला कोण तयार होणार? वेगाची हौस म्हणून यंत्र घ्यायचं आणि मग वरातीमागून घोडं होऊन रांगायचं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि याने हात वर केला. एकदा केला तो केलाच. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस काही लोकांना उपजतच असते.

निघताना, आणि वाटेत जिथे जिथे थांबतील तिथे, डॉक्टर पुढून ओरडायचे, "मागे कोण?" आणि हा शेवटून हात उंच करून ओरडायचा, "मागे कोणी नाही!" म्हणजे सगळे आले, कोणी राहिलं नाही, चला. हे म्हणताना त्याची छाती हातभर फुगायची. दुकानात गिऱ्हाइकाशी दबक्या आवाजात बोलणारा माणूस, पण हे असं ओरडायचा की पक्षी उडावेत.

बायको घरी. ती त्याला उकडलेली अंडी आणि पाव बांधून द्यायची, टॉवेल द्यायची, आणि परत आला की विचारायची, "मग? काय काय बघितलंत?"

"सगळे नीट आले," तो म्हणायचा.

"ते झालं हो. बेटं कशी होती?"

"चांगली होती. मास्तरीणबाईंच्या जॅकेटचा पट्टा ढिला होता, मी वाटेत दोनदा सांगितलं."

तिला समजायचं, की याने बेटं बघितलीच नाहीत. याने बघितल्या पाठी. कोणाची वाकडी, कोणाची ताठ, कोण दमलंय, कोण मान मागे वळवून फुशारकी मारतंय. घरी येऊन तेच सांगायचा. ती मग त्याचे कपडे धुवायला घ्यायची. खिशांतून, शिवणींतून वाळू निघायची. ती वाळू तिने कधी मोरीत सोडली नाही. मागच्या दारात एक फुटकी कुंडी होती, रोप कधीच मेलेलं, तिच्यात ती झटकायची. वर्षं गेली तशी कुंडी भरत आली. शेजारीण म्हणाली, "अगं, यात काही तरी लाव." ही म्हणाली, "लावू कशाला? हे माझं बेट आहे. इथे मी एकटीच राहते."

सुरुवातीला ती विचारायची, मला कधी नेणार? तो म्हणायचा, "अगं, मागची सीट रिकामी ठेवावी लागते. शेपूटपण सुटू दे, मग तुलाच बसवतो." ती म्हणायची बरं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची, तो पुन्हा तेच म्हणायचा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण तिने तो भात गोड मानून खाल्ला. तिला दुसऱ्या कोणाच्या मागे बसून जाता आलं असतं, नाही असं नाही. तिला बेटांची फार ओढ होती असंही नाही. याच्या मागे बसायचं होतं. एवढंच होतं ते. आणि एवढंच कधी तिच्या तोंडून सरळ निघालं नाही.

एका वर्षी मात्र ती निघालीच. "धक्क्यावर सोडायला येते," म्हणाली आणि टेम्पोत पुढे चढून बसली. त्याआधी काही महिने तिच्या केसांना कसला तरी औषधी वास यायचा. याला वाटलं साबण बदलला. विचारलं नाही.

धक्क्यावर नेहमीची गडबड. ट्रेलर मागे घेतायत, कोणी "अजून, अजून, बस!" ओरडतंय, पेट्रोलचा वास, ओल्या दोरांचा वास. हा मनगटाला यंत्राची दोरी बांधत होता. ती दोरी अशी, की माणूस पडला की सुटते आणि यंत्र आपोआप थांबतं. आणि एकदम टाळ्या वाजल्या. वळून बघतो तर बायकोने अंगावरचा लांब कोट काढलेला, आत नारिंगी लाइफ जॅकेट. मास्तरीणबाईंचं जुनं. पोटावर जरा ताणलं होतं, पण बाई उभी होती ताठ.

डॉक्टर ओरडले, "अरे वा! वहिनी येतायत! शेपटाला गोंडा आला!"

सगळे हसले. तीही हसली, आणि याच्याकडे बघितलं.

हा म्हणाला, "मागची सीट रिकामी लागते."

"अरे बाबा, आज माझी ठेवतो रिकामी," डॉक्टर म्हणाले. "कोणी पडलं तर मी घेतो."

"तुम्ही सगळ्यांच्या पुढे. पुढच्याला मागचं काय दिसणार?"

"मग पाववाला घेईल. एका दिवसाने काय बुडतंय?"

"माणूस बुडतो," हा म्हणाला. "आज मी घरच्या माणसासाठी नियम मोडला, तर उद्या कोण पाळेल?"

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. खोटं असतं तर कोणी तरी खोडून काढलं असतं. मास्तरीणबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, माझ्या मागे बसा. चला."

"नको गं बाई," ती हसत म्हणाली. "या वयात परक्याची कंबर कुठे धरू? गुदगुल्या झाल्या तर दोघी पाण्यात." आणि जॅकेटचे पट्टे सोडायला लागली. एक पट्टा अडकला. याने पुढे होऊन सोडवला, कारण पट्टे बघायची त्याला सवय. तेव्हा ती त्याच्या कानाशी म्हणाली, "अंडी वरच्या कप्प्यात आहेत. मीठ विसरलेय."

मग यंत्रं पाण्यात गेली, एकामागे एक रांग लागली. हा शेवटी. त्याच्या मागे धक्का, आणि धक्क्याच्या पायरीवर ती, हातात घडी केलेलं जॅकेट. डॉक्टरांनी नेहमीसारखा हात वर केला.

"मागे कोण?"

आणि याने नेहमीसारखा, छाती फुगवून, पक्षी उडतील अशा आवाजात ओरडून सांगितलं, "मागे कोणी नाही!"

तोंडातून गेलं ते गेलं. यंत्रं सुटली. बऱ्याच आत गेल्यावर, किनारा पुसट झाल्यावर, त्याला आपलं बोलणं ऐकू आलं. म्हणजे कानाने आधीच ऐकलं होतं, पण आत पोचायला तेवढा वेळ लागला. त्याने मान वळवली. शेपटाने मागे बघायचं नसतं, तरी वळवली. मागे पाण्यावर त्याच्याच यंत्राची पांढरी रेघ होती आणि तिच्या अलीकडे, त्याच्या पाठीला लागून मागची सीट, कोरी करकरीत. पुढची त्याची स्वतःची सीट ठिगळांची, आणि मागची बाजू नवीसारखी, कारण तिच्यावर बसणार कोण? अधूनमधून पडलेले परके.

त्या वर्षी कोणीही पडलं नाही. कोणाचं यंत्र बंद पडलं नाही, कोणाला मळमळलं नाही, कोणी दमलं नाही. जणू सगळ्यांनी ठरवूनच त्याच्यावर सूड घेतला. सीट रिकामी गेली आणि रिकामी आली. आणि त्या खेपेला त्याने पहिल्यांदा बेटं बघितली, कारण पाठींकडे बघवेना. उथळ पाण्यात एक कासव त्याच्या सीटच्या बाजूने निवांत पोहत गेलं, म्हातारीसारखं, कसली घाई नसलेलं. कोणाला तरी "ते बघ" म्हणावं म्हणून त्याचा हात मागे गेला, आणि हाताला रेक्झिन लागलं, ऊन लागून तापलेलं.

घरी आला. वाटलं, ती बोलेल. मनात उत्तरं तयार ठेवली होती, माफीसुद्धा ठेवली होती. तिने कपडे धुतले, वाळू कुंडीत झटकली आणि विचारलं, "सगळे नीट आले ना?"

"आले."

"झालं तर मग."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला दार असतं, माणूस आत शिरतो, बाहेर पडतो. या बोलण्याला दारच नव्हतं. त्यानंतर तिने बेटांचं नाव काढलं नाही. तिच्या केसांचा तो वास गेला आणि साधा साबण आला. तो दरवर्षी जात राहिला आणि ओरडत राहिला, पण आवाजातली ती फुगलेली छाती गेली होती. डॉक्टर म्हणायचे, "शेपूट म्हातारं झालं हो, आवाज बसला." वय झालं होतंच. माफी मात्र ठेवल्या जागी तशीच राहिली. उद्या देऊ, परवा देऊ.

शेवटी त्याचा खांदा गेला. एका खेपेला पाण्यात पडलेल्या पाववाल्याला वर ओढता येईना, दोघांनी मिळून ओढला. क्लबातल्या लोकांनी समजून घेतलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता शेपूट मी. तुम्ही मध्ये या, मजा करा. आणि यंदा वहिनींना आणा बरं का. तरंगायला तर तेव्हाच शिकल्या होत्या."

"कसलं तरंगायला?"

"अहो, पोहायच्या तलावावर नाही का यायच्या? सकाळी, बायकांच्या वेळेत. काठ सोडायला किती घाबरायच्या! पण शिकल्या. म्हणायच्या, यांना माझं ओझं नको व्हायला पाण्यात."

घरी येताना त्याला सारखा तो औषधी वास आठवत राहिला. तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा होता तो. ज्याला शंभर पावलांवरून दुसऱ्याचा पट्टा ढिला दिसायचा, त्याला उशीवरचा वास ओळखता आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग तो कामाला लागला. बायको बाहेर गेली की आपल्या यंत्राची सीट काढायची आणि शिवायची. मागच्या बाजूला जाड स्पंज, कडेला धरायला मजबूत पट्टा, दुहेरी शिवण. रंग कुठला घ्यावा इथे अडला. तिला कुठला रंग आवडतो? इतकी वर्षं एका पडद्याआड काढली आणि गड्याला सांगता येईना. शेवटी तिच्या कपड्यांच्या दोरीकडे बघून निळा घेतला. स्पंज मात्र स्वतःच कापावा लागला, तिला कळू द्यायचं नव्हतं ना. एक कड तिरकी झाली. कव्हर ताणून त्याने ती झाकली.

सीट यंत्रावर चढवली, दुकानासमोर ट्रेलरवर यंत्र उभं केलं, ट्रेलरच्या चाकांना विटा लावल्या आणि आत हाक मारली. "अगं, बाहेर ये जरा!"

ती आली. भिंतीला हात लावून, मग कपाटाला, मग पडद्याच्या दांडीला. हल्ली ती अशीच चालायची. त्याला वाटायचं, जाता जाता धूळ पुसते.

"यंदा तू यायचंस," तो म्हणाला. "माझ्या मागे. शेपूटपण सुटलं. हे बघ, तुझी सीट."

तिने सीट बघितली, हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाली, "छान शिवलीत हो. पण मला नाही जमायचं आता. माझ्या कानात बिघाड झालाय. मान वळवली की घर फिरतं. कानाचे डॉक्टर म्हणाले, बोट नको, झोपाळा नको, पाण्यात तर पाऊलच नको."

"कधी दाखवलंस?"

"तुम्ही मागच्या खेपेला बेटांवर गेलात ना, तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते की. तुम्ही आलात, मी विचारलं काय झालं, तुम्ही म्हणालात, सगळे नीट आहेत." ती जरा हसली. "म्हटलं, सगळे नीट आहेत, तर मी कशाला मोडता घालू?"

तो विटांकडे बघत उभा राहिला. त्याला म्हणायचं होतं, त्या दिवशी धक्क्यावर माझ्या तोंडून जे गेलं ते. पण इतकी वर्षं ठेवलेली माफी जुन्या रेक्झिनसारखी कडक होऊन बसली होती, दुमडायला गेलं तर तुटेल अशी.

त्या शनिवारी क्लब गेला. हा गेला नाही. ती म्हणाली, "जा हो, माझ्यासाठी कशाला थांबता," पण दोनदाच म्हणाली. सकाळचा चहा झाल्यावर ती दारात आली, ट्रेलरकडे बघितलं आणि म्हणाली, "चला, बसू या तरी. शिवलीत एवढी."

त्याने स्टूल लावलं, हात धरला. तो पुढे चढणार, तर ती म्हणाली, "अंहं. पुढे मी. तुमची पाठ काय मी कमी बघितलीय?"

ती पुढे बसली, ठिगळांच्या सीटवर, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून. तो मागे. इतक्या वर्षांत तो आपल्याच मागच्या सीटवर कधी बसला नव्हता. बसल्याबरोबर एका बाजूला कलला.

"काय झालं?"

"स्पंज तिरका कापला गेलाय."

"मला बोलवायचं होतं," ती म्हणाली. "कापणारी घरात होती."

समोरच्या सलूनवाल्याने दाढीचा साबण फेसता फेसता हाक मारली, "काय मंडळी, कुठे निघालात?"

"बेटांवर!" ती म्हणाली.

"मग मला पण न्या की!"

"जागा नाही. मागची सीट भरलीय."

सलूनवाला हसत आत गेला. हा हसला नाही. मागे बसलं की पुढचं काही दिसत नाही, हे त्याला आता कळत होतं. दिसते फक्त पुढच्याची पाठ. तिची पाठ एका बाजूला जरा उतरली होती, स्पंज कापणाऱ्या हाताच्या बाजूला. मानेवरचे केस विरळ झाले होते आणि त्यांत भुकटीचा एक कण अडकला होता. हे सगळं कधी झालं?

तिने एकदम एक हात वर केला, अगदी डॉक्टरांसारखा, आणि रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडली, "मागे कोण?"

त्याचं तोंड सवयीने उघडलं. उघडलं तसंच राहिलं. रस्त्यावरून एक सायकल गेली. ती हात वर करून थांबली होती, मान न वळवता. वळवली असती तर घर फिरलं असतं.

"मी आहे," तो म्हणाला. आवाज असा निघाला की पक्षी काय, माशीही उडाली नसती.

"ऐकू नाही आलं."

"मी आहे गं. मागे मी आहे."

"हं," ती म्हणाली आणि हात खाली घेतला. मग थोड्या वेळाने, "धरा हो मला. फिरायला लागलं."

त्याने दोन्ही हातांनी तिला कमरेला धरलं. ट्रेलरच्या चाकांना विटा होत्या, यंत्र ट्रेलरवर होतं, जागचं काहीही हललं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे मात्र दुकान, रस्ता, सलूनचा आरसा, सगळं लाटेसारखं वर-खाली होत होतं.

"उतरवू का?" त्याने विचारलं.

"थांबा जरा," ती डोळे मिटून म्हणाली. "असंच वाटतं का हो तिकडे?"

त्याला सांगता येईना. इतक्या वेळा जाऊन आला होता, पण तिथे कसं वाटतं हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. मग त्याला ते कासव आठवलं, आणि तो तिला कासवाचं सांगायला लागला.